रिव्हर्स सेन्सरला काय कळतं, काय कळत नाही

बडोद्यात गाडीचा मागचा बंपर हायवेवर क्वचितच फुटतो. तो फुटतो अलकापुरीतल्या एखाद्या फ्लॅटच्या पार्किंगमधल्या खांबावर, दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत ओट्याच्या कडेवर, नाहीतर खंडेराव मार्केटबाहेर उभ्या असलेल्या लारीच्या (हातगाडीच्या) कोपऱ्यावर. त्या वेळी गाडीचा वेग चालत्या माणसाइतकाही नसतो. पण वीतभर ओरखड्याचं बिल हजारांत जातं, आणि इन्शुरन्स असूनही ते बहुतेक वेळा आपणच भरतो. असं का होतं ते आधी बघू, कारण सेन्सरसाठी पैसे आणि वेळ घालवायचा की नाही, हे त्या हिशेबावरच ठरतं.

समजा बंपर बदलायची वेळ आली. बंपर ५,००० रुपये, रंगकाम ४,०००, काढ-घाल मजुरी १,०००, असे १०,००० झाले. जीएसटी बाजूला ठेवू. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे बंपरचे २,५०० गेले. रंगाच्या एकूण बिलातला चौथा हिस्सा मटेरियलचा धरतात आणि त्यावरही ५० टक्के घसारा लावतात, म्हणजे आणखी ५०० गेले. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट, आणि त्यावरच्या गाडीला २,०००. छोट्या गाडीला हातात येतात ६,००० रुपये.

आता दुसरी बाजू. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, एक क्लेम घेतला की नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्यावर येते. या बोनसच्या पायऱ्या २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशा आहेत. आज तुमच्या पॉलिसीवर २५ टक्के चालू असेल, तर क्लेम न घेता पुढची पाच नूतनीकरणं ३५, ४५, ५०, ५०, ५० अशी होतात. क्लेम घेतला तर ०, २०, २५, ३५, ४५. दोन्हींतल्या फरकांची बेरीज १०५ टक्के होते. ओन डॅमेजचा प्रीमियम ८,००० धरला तर ८,४०० रुपये. गाडी जुनी होत जाईल तसा हा प्रीमियम उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी भरेल. पण सहा हजार मिळवण्यासाठी तेवढेच किंवा जास्त घालवले, हे काही बदलत नाही. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं ॲड-ऑन, असेल तर ९,००० मिळतील, आणि तेव्हाही फायदा जेमतेमच. एनसीबी प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घेतलं असेल तर गणित वेगळं. त्याच्या अटी वाचून ठरवा.

थोडक्यात, पार्किंगमधली धडक हा इन्शुरन्सचा विषयच नाही. ती होऊ न देणं एवढंच हातात आहे. १ जुलै २०१९पासून भारतात बनणाऱ्या प्रत्येक नव्या कारला मागचा पार्किंग अलर्ट सक्तीचा आहे, म्हणजे रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांना सेन्सर आहेतच. तरीही बंपर फुटतात. बहुतेकांनी सेन्सरची एकच गोष्ट शिकून घेतलेली असते, ‘वाजला की थांबायचं’. न वाजण्याचा अर्थ ‘मागे काही नाही’ असा होत नाही, हे कुणी सांगत नाही. माझ्या मते सेन्सर वापरायला शिकणं म्हणजे मुख्यतः हेच शिकणं.

आत काय चालतं

बंपरवर दिसणारी ती गोल टिकली म्हणजे ॲल्युमिनियमची एक छोटी वाटी असते आणि तिच्या आत पिझो चकती (वीज दिली की थरथरणारी) चिकटवलेली असते. सेन्सर चालवणारा कंट्रोल बॉक्स तिला क्षणभर थरथरवतो. त्यातून साधारण ४० किलोहर्ट्‌झचा आवाज निघतो (कंपनीच्या सेन्सरांत तो बऱ्याचदा ४८ किंवा ५८ असतो) आणि तो माणसाला ऐकू येत नाही. मग तीच वाटी प्रतिध्वनीची वाट बघते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरवरच्या भिंतीला लागून परत यायला त्याला सहा मिलिसेकंदांच्या आत वेळ लागतो. त्या वेळेवरून अंतर काढतात. बडोद्याच्या ४४ अंशांच्या मे महिन्यात आवाज चारेक टक्के जोरात धावतो, त्यामुळे अर्ध्या मीटरमागे दोन सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि तोही अंतर कमी दाखवण्याच्या बाजूला. त्याची काळजी नको.

काळजी करायची ती दुसऱ्या दोन गोष्टींची. एक म्हणजे आवाज सोडल्यावर वाटी लगेच थांबत नाही, थोडा वेळ झणझणत राहते. त्या वेळात आलेला प्रतिध्वनी तिला ओळखता येत नाही. म्हणून २५-३० सेंटिमीटरच्या आत सेन्सरला नेमकं अंतर मोजता येत नाही आणि तिथे नुसता सलग सूर लागतो. दुसरी म्हणजे आवाज पंख्यासारखा पसरतो: आडवा साधारण १२० अंश, पण उभा जेमतेम ६० अंश. हा उभा कोन अरुंद का ठेवतात? मोठा ठेवला तर रस्ताच ‘अडथळा’ म्हणून वाजायला लागेल. पण बंपर वाचवताना नेमका हा अरुंदपणाच घात करतो.

ओट्याचं गणित

जुन्या शहरातल्या पोळांमध्ये (दाट वस्तीच्या गल्ल्यांमध्ये) घरापुढचे ओटे साधारण गुडघ्याएवढे किंवा त्याहून बुटके. धरा, ओटा ३५ सेंटिमीटरचा आहे आणि सेन्सर जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर. ओट्याची कड सेन्सरच्या २० सेंटिमीटर खाली आली. आवाजाची खालची कड ३० अंशांनी उतरते, म्हणजे २० सेंटिमीटर उतरायला तिला सुमारे ३५ सेंटिमीटर अंतर लागतं. गाडी ओट्यापासून मीटरभर लांब असताना ओटा आवाजाच्या टप्प्यात असतो आणि सेन्सर वाजतो. तुम्ही आणखी मागे येता, बीप जवळजवळ येऊ लागतात. अंतर ३५ सेंटिमीटरच्या आत गेलं की ओट्याची कड त्या पंख्याच्या खाली निघून जाते. बीप विरळ होतात किंवा एकदम बंद पडतात. चालवणाऱ्याला वाटतं, मोकळं झालं. बंपरची खालची कड मात्र २५-३० सेंटिमीटरवर असते, आणि ती सरळ ओट्यावर जाऊन बसते.

म्हणून पाठ करावा असा नियम: बीप जलद होत होते, गाडी अजून मागेच चालली आहे आणि आवाज कमी झाला किंवा थांबला, तर ब्रेक दाबा आणि उतरून बघा. मागची वस्तू हललेली नाही. ती सेन्सरच्या टप्प्याखाली गेली आहे. फुटपाथचे दगड, झाडाभोवतीचे कठडे, सोसायटीत रोवलेले बुटके लोखंडी खुंट या सगळ्यांना हाच नियम लागू.

टप्प्याच्या वरून सुटणाऱ्या वस्तू त्याहून महाग पडतात. टेम्पोतून बाहेर आलेल्या सळ्या, ट्रकच्या हौद्याची मागची कड, अर्धवट उघडलेलं शटर, खिडकीची बाहेर आलेली जाळी या गोष्टी डिकीच्या काचेच्या उंचीवर असतात. बंपरमधला सेन्सर खाली मोकळी हवा बघतो आणि गप्प राहतो. तिथे आरसा आणि मान वळवून बघणं याला पर्याय नाही.

खांबाबद्दल थोडं सविस्तर, कारण सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये सगळ्यात जास्त ओरखडे खांबाचेच असतात. सपाट भिंत समोरासमोर असेल तर प्रतिध्वनी सरळ परत येतो. पण चौकोनी खांबाची धार सेन्सरकडे असेल तर दोन्ही बाजूंनी आवाज तिरका निघून जातो आणि फार थोडा परत येतो. तीन-चार सेंटिमीटरचा पाइप किंवा बांबू लांबून जवळजवळ कळतच नाही. तारा, साखळ्या, दोऱ्या, जाळ्या तर नाहीतच. नवरात्रात गरब्याच्या मैदानाबाहेर दोऱ्या आणि बांबू लावून पार्किंग आखतात, त्या दिवसांत सेन्सरवर अजिबात विसंबू नका. उभ्या दुचाकींचंही तसंच. मागे तिचं पुढचं चाक आलं तर गोल, अरुंद टायर फार थोडा आवाज परत पाठवतो, आणि एक पडली की शेजारच्या सगळ्या पडतात. उघडी गटार, झाकण नसलेलं चेंबर, खड्डा यांच्यातून परत यायला पृष्ठभागच नाही, म्हणून सेन्सर तिथे मुका.

आणि मूल. बसलेलं, वाकलेलं, सुती कपड्यातलं मूल आवाज शोषून घेतं आणि बऱ्याचदा टप्प्याखालीही असतं. घराच्या अंगणातून किंवा सोसायटीतून गाडी मागे काढण्यापूर्वी गाडीभोवती एक चक्कर मारा. सेन्सर, कॅमेरा, दोन्ही असले तरी मारा. या एका बाबतीत कुठलीच सवलत नाही.

आणखी एक मर्यादा: मागचे सेन्सर दारं आणि चाकाच्या कमानी राखत नाहीत. खांबाला घासून गेलेलं मागचं दार बहुतेक वेळा गाडी पुढे काढताना, स्टिअरिंग लवकर वळवल्यामुळे घासतं, कारण वळताना आतलं मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून जातं. त्यावर उपाय सेन्सरचा नाही, सवयीचा आहे. तुमच्या खांद्याने खांब ओलांडेपर्यंत गाडी सरळ काढा, मग हळूहळू वळवा, आणि गाडी लांब असेल तर आणखी हातभर पुढे जाऊन. मागे घेताना स्टिअरिंग वळवलं की पुढचा विरुद्ध बाजूचा कोपरा बाहेर फिरतो, त्याकडेही कुणाचं लक्ष नसतं. दोनच सेन्सर असलेल्या बेस मॉडेलांत तर मागचे कोपरेसुद्धा नीट राखले जात नाहीत.

वेग

बाजारातल्या बहुतेक सेन्सरांचा सावध करण्याचा पट्टा दीड मीटरच्या आसपास सुरू होतो. ताशी ५ किलोमीटर वेगाने मागे येणारी गाडी सेकंदाला १.४ मीटर जाते. बीप ऐकून पाय ब्रेकवर जायला सेकंदभर धरला, तर सगळा पट्टा तिथेच संपला. ताशी २ किलोमीटरला तेच अंतर ५५ सेंटिमीटर होतं आणि विचार करायला जागा उरते. म्हणून मॅन्युअल गाडी हाफ क्लचवर, आणि एएमटी किंवा ऑटोमॅटिक ॲक्सिलरेटरला पायच न लावता, नुसता ब्रेक हलका सोडून मागे घ्या. रिव्हर्स टाकल्यावर सिस्टिम जागी व्हायला अर्धा ते एक सेकंद घेते. टाकला की लगेच क्लच सोडू नका. आधी तिचा सुरुवातीचा आवाज येऊ द्या. तो आवाज आलाच नाही तर सेन्सर नाहीत असं समजूनच गाडी मागे घ्या.

बेसमेंटच्या उतारावर, जिथे उतार संपून सपाट जमीन लागते, तिथे सेन्सरला पुढची जमीनच भिंतीसारखी दिसते आणि तो उगाच वाजतो. तो वाजतो म्हणून बंद करू नका. तिथे आरशावर जा, उतार संपला की पुन्हा कान द्या.

खोकं आणि टेप

कुठल्याही गाडीचे सेन्सर नेमके कुठून कसे वाजतात हे माहीत करून घ्यायला एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं, मोजपट्टी आणि खडू पुरे. गाडी सपाट जागी, मागे तीन मीटर मोकळं. इंजिन बंद, इग्निशन चालू, हँडब्रेक घट्ट ओढलेला, गिअर रिव्हर्समध्ये. ऑटोमॅटिकमध्ये यासाठी इंजिन चालू लागू शकतं, मग एकाने आत ब्रेकवर पाय ठेवून बसायचं आणि दुसऱ्याने मागे कधीच उभं राहायचं नाही, बाजूनेच खोकं सरकवायचं.

बंपरपासून १५०, १००, ६०, ४० आणि ३० सेंटिमीटरवर जमिनीवर खडूच्या रेघा मारा. खोकं मधोमध ठेवून लांबून जवळ सरकवा आणि प्रत्येक रेघेवर काय ऐकू येतं ते लिहून ठेवा. सलग सूर कुठल्या रेघेवर लागतो, हा सगळ्यात कामाचा आकडा. तो गाडीगाडीत वेगळा असतो, कुठे ४०, कुठे ३०. मग तेच डाव्या आणि उजव्या कोपऱ्यासमोर करा. एका बाजूला सूर ४० वर आणि दुसऱ्या बाजूला २५ वर लागत असेल, तर त्या बाजूचा सेन्सर मळलेला, वाकलेला किंवा आत ढकलला गेलेला आहे. शेवटी खोक्याच्या जागी एक बुटका डबा आणि मग एक उभी काठी ठेवून बघा. डबा कुठे गप्प होतो आणि काठी कुठपर्यंत कळतच नाही, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की वर लिहिलेलं सगळं पटतं. घरात जितके जण गाडी चालवतात त्या प्रत्येकाला हे दाखवा.

सोसायटीतली ठरलेली जागा असेल तर शेवटचे ३० सेंटिमीटर सेन्सरवर सोडूच नका. जमिनीला बोल्ट करायचे रबरी व्हील स्टॉपर मिळतात. मागच्या टायरच्या मागच्या कडेपासून बंपरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर मोजा, त्यात १५ सेंटिमीटर मिळवा. भिंतीपासून तेवढ्या अंतरावर स्टॉपरची टायरकडची बाजू आली पाहिजे.

बाहेरून बसवताना

जुन्या गाडीला चार सेन्सरचा किट घ्या, दोनचा नाही. किटमध्ये चार सेन्सर, कंट्रोल बॉक्स, बझर किंवा डिस्प्ले, वायर आणि भोक पाडायचा होल सॉ असतो. होल सॉ किटबरोबरचाच वापरा. सेन्सर २२ मिलिमीटरचे असतात, तसे १८-१९चेही असतात, आणि भोक एक मिलिमीटर मोठं झालं तर सेन्सर कायम डुगडुगत राहतो. बंपरला भोक पाडायच्या आधी चारही सेन्सर बॉक्सला जोडून, १२ व्होल्टच्या बॅटरीवर, हात पुढे-मागे करून तपासून घ्या. बसवल्यावर सदोष निघालेला सेन्सर बदलायचा म्हणजे पुन्हा बंपर उतरवणं.

उंची ५० ते ६५ सेंटिमीटर. ४५च्या खाली गेलात तर जमीन वाजायला लागते. बाहेरचे दोन सेन्सर बंपरच्या टोकापासून १२ ते १५ सेंटिमीटरवर, जिथे पृष्ठभाग वळायला लागण्याआधी सपाट आहे तिथे. मधल्या जागेचे तीन सारखे भाग करा. १६० सेंटिमीटरच्या बंपरला दोन सेन्सरांमधलं अंतर साधारण ४३ येतं. खुणा करण्याआधी खालून टॉर्च मारून मागे लोखंडी बीम किंवा फोम कुठे आहे ते बघा. सेन्सरच्या मागे तीन-चार सेंटिमीटर मोकळी जागा लागते. ही पायरी टाळल्यामुळे भोक पाडल्यावर समोर लोखंड निघतं आणि मग दुसरं भोक पाडावं लागतं.

मास्किंग टेप लावून त्यावर खूण करा, आधी ३ मिलिमीटरचं बारीक भोक, मग होल सॉ. ड्रिल हळू चालवा, आणि सुरुवातीला उलट्या दिशेने, म्हणजे रंग टवके न उडता कापला जातो. कड ब्लेडने साफ करून उघड्या प्लास्टिकवर टच-अप रंगाचा हलका हात द्या. सेन्सरच्या पाठीवर बाण असतो, तो वरच्या बाजूला आला पाहिजे. आडवा-उभा कोन वेगळा असल्यामुळे उलटा किंवा आडवा बसवलेला सेन्सर रस्ता वाजवत राहतो. बसवताना अंगठा कडेच्या कड्यावर ठेवून दाबा, मधल्या चकतीवर कधीच नाही. बंपर खाली झुकणारा असेल तर तिरकी रिंग लावून सेन्सर जमिनीला समांतर करा.

वायर सायलेन्सरपासून लांबून न्या आणि डिकीत शिरण्याआधी थोडी खाली लोंबकळू द्या, म्हणजे पाणी तिच्यावरून चालत आत येण्याऐवजी तिथेच ठिबकून जातं. आत नेताना कंपनीचं रबरी ग्रोमेट वापरा; पत्र्याच्या उघड्या भोकातून नेलेली वायर काही महिन्यांत घासून शॉर्ट होते. कंट्रोल बॉक्स टेल लॅम्पच्या मागे, बाजूच्या पॅनलमध्ये, उंचावर लावा. स्टेपनीच्या खड्ड्यात कधीच नको, कारण पाणी पहिल्यांदा तिथेच साचतं. ऑगस्ट २०२४च्या विश्वामित्रीच्या पुरानंतर हे बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे सेन्सर नंतर चालू दिसले तरी कपलर (वायरींचा जोड) उघडून पिना तपासा. हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. तो गंज पुढे पसरतो आणि मग एकेक सेन्सर आळीपाळीने मरतो.

वीज रिव्हर्स दिव्याच्या वायरीवरून घ्यायची. ती मल्टिमीटरने शोधा: रिव्हर्स टाकला की १२ व्होल्ट, काढला की शून्य. जोड नुसता पिळून टेप गुंडाळून ठेवू नका. सोल्डर आणि हीट श्रिंक, किंवा त्याहून चांगलं म्हणजे गाडीची वायर न कापणारा कपलर. वॉरंटीतल्या गाडीला तर फक्त कपलरच. मध्ये एक अँपिअरचा फ्यूज घाला आणि अर्थ रंग खरवडलेल्या बोल्टलाच द्या. काही नव्या गाड्यांत रिव्हर्स दिव्याला सलग वीज जात नाही, तुटक तुटक जाते. त्यावर सेन्सर चालू-बंद होत राहतो, तिथे फिल्टर किंवा रिले लावावा लागतो.

बंपरवर वेगळा लोखंडी गार्ड लावून सेन्सरचं काम भागेल असं समजू नका. गार्ड सेन्सरच्या पुढे आला की तो त्यालाच अडथळा मानून वाजत राहतो. क्रॅश गार्ड आणि बुल बार यांच्यावर तर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७मध्ये मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२चा हवाला देऊन कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे. कॅमेरा मात्र जरूर लावा. सेन्सरला न दिसणाऱ्या दोऱ्या, खुंट आणि गटार कॅमेऱ्यात दिसतात, आणि कॅमेऱ्यावर नीट न कळणारं अंतर सेन्सर सांगतो. फक्त स्क्रीनवरच्या रेघा जमिनीच्या पातळीवर आखलेल्या असतात हे विसरू नका. उंचावर बाहेर आलेला टेम्पोचा हौदा त्या रेघांवर खऱ्यापेक्षा लांब भासतो.

उगाच वाजतो, किंवा वाजतच नाही

सगळ्यात आधी धूळ आणि पाणी. बडोद्यात धूळ वर्षभर, चिखल चार महिने. चकतीवर चिकटलेला चिखल किंवा थेंब असेल तर सेन्सर मागे काही नसताना सलग वाजतो. ओल्या मऊ फडक्याने पुसा. प्रेशर वॉशरचा फवारा चकतीवर जवळून मारू देऊ नका, पाणी कड्यातून आत शिरतं. पुसूनही वाजत असेल तर नंबर प्लेट बघा. स्क्रू ढिला होऊन बाहेर वाकलेली प्लेट मधल्या दोन सेन्सरांच्या टप्प्यात येते.

सीएनजी गाड्यांत एक खास तक्रार असते: रिकाम्या रस्त्यावर, विशेषतः मागे माणसं बसल्यावर, बीप येतात. नंतर बसवलेला स्टीलचा सिलिंडर रिकामाच पन्नास किलोंच्या वर असतो. त्याच्या वजनाने गाडीचा मागचा भाग बसतो, सेन्सर खाली येतात आणि शिवाय जमिनीकडे झुकतात. सेन्सर बदलून काही होत नाही. स्प्रिंग तपासा, टायरची हवा भाराप्रमाणे ठेवा, आणि तरीही वाजत असेल तर तिरकी रिंग लावून सेन्सर थोडे वर करा.

शेजारी ट्रकने एअर ब्रेक सोडला किंवा दुसरी सेन्सरवाली गाडी जवळ मागे येत असेल, तर क्षणभर चुकीचा बीप येऊ शकतो. तो दोष नाही.

मेलेला सेन्सर ओळखायला कान पुरतो. वरच्यासारखंच इंजिन बंद, इग्निशन चालू, हँडब्रेक, रिव्हर्स. शांत जागी प्रत्येक सेन्सरजवळ कान न्या. चालू सेन्सर बारीक टिकटिक करतो, मेलेला गप्प असतो. गप्प सापडला की लगेच नवा घेऊ नका. बॉक्सपाशी त्याचा कपलर शेजारच्या सेन्सरशी अदलाबदल करा. अदलाबदलीनंतरही तोच सेन्सर गप्प राहिला तर सेन्सर गेला; तो टिकटिकू लागला आणि शेजारचा गप्प झाला तर बॉक्सचं ते दार (पोर्ट) गेलं. वायर मध्येच तुटली असेल तर ती बहुधा बंपरच्या कोपऱ्यात, जिथे धडक बसली होती तिथेच. चारही गप्प असतील तर आधी रिव्हर्सचा दिवा लागतो का बघा. तो लागत नसेल तर फ्यूज किंवा गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच, सेन्सरचा संबंध नाही.

नवा सेन्सर घेताना जुन्याच्या पाठीवरचा पार्ट नंबर जुळवा. वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा सेन्सर भोकात नीट बसतो, टिकटिकतोही, पण बॉक्सला त्याचा प्रतिध्वनी ओळखता येत नाही.

राहिला रंगकामाचा प्रश्न. बंपर रंगवायला दिला की सेन्सर बाहेर काढूनच रंगवायला सांगा, आणि हे जॉब कार्डावर लिहून घ्या. सेन्सर गाडीच्या रंगाचा हवा असेल तर त्यावर पातळ प्रायमर आणि रंगाचा पातळ हात चालतो. लांबी (पुटी) मात्र अजिबात नाही, आणि एकावर एक चढवलेले थरही नाहीत, कारण जाड थराखाली चकती थरथरूच शकत नाही. जुना रंग घासून काढायचा झाला तरी चकतीवर जोर देऊ नका. गाडी परत घेताना उजेडात रंगाची छटा बघतात, चमक बघतात. त्याबरोबर रिव्हर्स टाकून प्रत्येक सेन्सरसमोर खोकं धरून बघा, चारही बाण वर आहेत का ते विचारा, बंपरच्या क्लिपा दाबून बघा. सेन्सर मुका निघाला तर बिल देण्याआधीच गाडी परत आत पाठवा. एकदा पैसे दिले की तो आधीच बिघडलेला होता, हेच ऐकायला मिळतं.